कुजकं लाकूड, धड वाडगा

मेच्या शेवटी किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात नागपुरात धुळीचं वादळ येतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सिव्हिल लाइन्स, धंतोली, सेमिनरी हिल्सकडे एखादं तरी जुनं झाड आडवं झालेलं दिसतं. अग्निशमनवाले रस्ता मोकळा करून जातात. बारीक फांद्या सरपणाला जातात. बुंध्याचे जाड ओंडके मात्र कोणाच्यानं उचलवत नाहीत, म्हणून ते कुंपणाशी पडून राहतात, पावसाळाभर भिजतात, त्यांच्यावर भूछत्रं उगवतात. सुताराला ते नको असतात, सरपणवाल्यालाही नको असतात. वाडगा कातणाऱ्याला नेमके तेच हवे असतात.

ज्यांनी लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, लाटणं किंवा एखादी खुंटी कातून बघितली आहे, पण वाडगा कधी केलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. कातकाम अजिबातच केलं नसेल तर आधी धड, सुक्या लाकडावर महिनाभर हात बसवा. कुजकं लाकूड चुका पोटात घालत नाही.

लाकडी भांडं आपल्याला नवं नाही. जुन्या घरांत भाकरीचं पीठ मळायला काठवट असायची. पण काठवटीला निरोगी, घट्ट लाकूड निवडत. इथे उलटं आहे. इथे कुजताना उमटणाऱ्या काळ्या नक्षीसाठी लाकूड थोडं कुजलेलं असायला हवं, आणि ते कुजणं वेळेवर थांबवायला हवं. लेथ चालवणं चार महिन्यांत येतं. कुठे थांबायचं हे कळायला मला तीन पावसाळे लागले.

कुठलं कुजणं चालतं

लाकूड कुजतं म्हणजे बुरशी ते खाते. पण सगळ्या बुरशा सारखं खात नाहीत. लाकडात सेल्युलोजचे लांब तंतू असतात आणि त्यांना धरून ठेवणारं लिग्निन असतं. स्लॅबमधल्या सळया आणि काँक्रीट म्हणा. एका जातीच्या बुरशा सेल्युलोज खाऊन टाकतात आणि लिग्निन बरंचसं तसंच सोडतात. अशा लाकडाचा रंग गडद तपकिरी होतो, आडव्या-उभ्या भेगा पडून चौकोनी तुकडे सुटतात आणि बोटांत चुरगळलं की पूड होते. याला तपकिरी कूज म्हणतात. असा ओंडका फुकट मिळाला तरी घेऊ नका. लकडगंजात एका आरामशीनवर मी असाच एक ओंडका मोठ्या हौसेने कापायला नेला होता. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने त्यावर नख फिरवलं आणि म्हणाला, "भाऊ, काऊन बेजार होऊन राहिले? हा भुसा आहे, फक्त लाकडासारखा उभा आहे."

दुसऱ्या जातीच्या बुरशा लिग्निनही खातात. लाकूड फिकट पडतं, हलकं होतं, थोडं तंतुमय होतं, पण बराच काळ आकार धरून राहतं. ही पांढरी कूज. आपल्याला हवी ती हीच, आणि तीही सुरुवातीची. बुंध्यावर कडेने कानासारखी टणक भूछत्रं आली असतील तर आत काहीतरी बरंच पुढे गेलं आहे असं समजा; तिथून हातभर लांबचा भाग बघा.

पांढऱ्या कुजीत ज्या काळ्या बारीक रेषा दिसतात, त्यांच्यासाठीच हा सगळा खटाटोप. दोन बुरशा वाढत वाढत एकमेकींना भिडल्या की प्रत्येक जण आपली हद्द राखायला कडेला गडद रंगाची भिंत घालते. दोघा भावांच्या वाटण्या झाल्या की शेतात मधे धुरा, म्हणजे बांध, पडतो, तसं. मी त्यांना धुरेच म्हणतो. त्यांचा काळा रंग मेलॅनिनचा, म्हणजे आपले केस काळे करणाऱ्या रंगद्रव्याच्याच कुळातला. आणि ही रेषा नसते, भिंत असते. आपण कापतो तेव्हा फक्त तिचा छेद दिसतो. त्यामुळे वाडग्याच्या बाहेर एका जागी दिसलेला धुरा आतून वेगळ्याच जागी निघतो. दोन मिलिमीटर जास्त कातलं की नकाशा बदलतो. आवडलेल्या नक्षीला जपायचं असेल तर हात आवरावा लागतो, हे नवख्यांना उशिरा कळतं.

याखेरीज लाकडावर निळसर-करडा डाग पडतो. ती बुरशी पेशींमधली साखर खाते, लाकडाची ताकद फारशी घटवत नाही. आंब्याचा ताजा कापलेला ओंडका पावसात ठेवला की हा डाग लवकरच येतो. त्याला घाबरायचं कारण नाही.

ओंडका हातात आल्यावर मी तीन गोष्टी करतो. नख दाबतो: खूण उमटली पण नख आत गेलं नाही तर उत्तम, नख रुतलं तर घट्ट करावं लागेल, बोटाने खोदता आलं तर सोडून देतो. हातोडीच्या दांड्याने ठोकतो: टणटणीत आवाज हवा, भद्द नको. आणि त्याच झाडाचा धड तुकडा मिळाला तर दोन्ही हातांत धरून वजन तोलतो. अर्ध्याने हलकं झालेलं लाकूड लेथवर टिकत नाही.

झाड कोणतं

पहिल्या प्रयोगाला आंबा. आंब्याचं लाकूड कुजीला सहज बळी पडतं, रंगाने फिकट असल्यामुळे काळे धुरे त्यावर उठून दिसतात, कातायला मऊ आहे आणि नागपुरात मिळतं. शिरीषही छान: सालीकडचं पांढरं लाकूड कुजतं आणि आतला तपकिरी गाभा घट्ट राहतो, एकाच वाडग्यात दोन्ही रंग येतात. बाभळीचा गाभा कुजायला फार वेळ घेतो आणि पटाशीची धार खातो. कडुनिंब कातता येतो, पण भुगा घशात इतका कडू उतरतो की संध्याकाळचा चहाही कडू लागतो. गुलमोहर दिसायला मोठा, आतून लवकर पोचट. पहिल्या वर्षी नकोच.

सागाचं विचाराल तर सागाच्या गाभ्यात अशी द्रव्यं असतात की बुरशी त्याला सहसा शिवत नाही. म्हणूनच तर आपल्या जुन्या वाड्यांचे खांब अजून उभे आहेत. जुन्या सागाचे वाडगे सुंदर होतात, पण तो या लेखाचा विषय नाही.

माझं स्वतःचं आवडतं लाकूड संत्र्याचं. काटोल, नरखेड, वरूडकडे जुन्या बागा मोडतात तेव्हा खोडांचे ढीग लागतात. डिंक्या रोगाने वठलेली झाडं बहुतेकदा थेट चुलीत जातात. लाकूड फिकट पिवळं, जड, इतक्या बारीक पोताचं की धारदार पटाशीखाली मेणासारखं सुटतं. खोड फार जाड नसतं, त्यामुळे मोठा वाडगा होत नाही, पण चार-पाच इंची वाट्या होतात. बागवाल्या ओळखीच्या माणसाला फोन करून ठेवा, एवढंच.

काय घ्यायचं नाही तेही सांगतो. कण्हेर, पांढरी-लाल असो की पिवळी, विषारी. भांडं सोडा, तिचा भुगाही नको. बिब्बा तर मुळीच नको. विदर्भाच्या जंगलात वाढलेल्यांना बिब्बा उतला की अंगावर कसे फोड येतात हे सांगावं लागत नाही. चंदनाच्या वाटेला जाऊ नका, तो वेगळाच मामला आहे.

आधी विचारा, मग उचला

रस्त्याकडेचं पडलेलं झाड बेवारशी नसतं. ते महापालिकेचं किंवा ज्या खात्याची जागा त्या खात्याचं असतं. उद्यान विभागात जाऊन विचारलं तर ओंडक्याचे दोन तुकडे न्यायला बहुधा कोणी आडकाठी करत नाही, पण न विचारता गाडीत घालू नका. स्वतःच्या अंगणातलं उभं झाड तोडायलाही महाराष्ट्रात शहरी भागात 1975 च्या झाडांच्या संरक्षण व जतन कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. झाड वाळलंय, कुजलंय, हे परस्पर ठरवता येत नाही. गावाकडून सागाचे ओंडके आणायचे असतील तर वनखात्याचा वाहतूक परवाना लागतो. आंबा, संत्र्याच्या बाबतीतही गाडीत घालण्याआधी एकदा चौकशी करून घ्या.

जून ते पोळा: सावलीत कुजवणं

रस्त्यावर आपोआप कुजलेला ओंडका मिळाला तर हा टप्पा झालाच. पण ताजा ओंडका मिळाला तर कुजवणं आपल्या हातात राहतं, आणि ते जास्त चांगलं. बुरशीला चार गोष्टी लागतात: लाकूड, ओल, हवा आणि ऊब. लाकडातली ओल 20 टक्क्यांच्या खाली गेली की ती काम थांबवते. पूर्ण पाण्यात बुडवलं तरी थांबते, कारण हवा मिळत नाही. तिला 25 ते 30 अंशांच्या आसपासचं तापमान मानवतं, आणि जुलै ते सप्टेंबर आपल्याकडे निसर्ग हेच देतो.

ओंडका वाडग्याच्या व्यासापेक्षा चारेक इंच जास्त लांब ठेवा, कारण टोकं नंतर कापून टाकायची आहेत. घराच्या उत्तरेच्या भिंतीशी, ऊन न लागणाऱ्या जागी, मातीवर उभा ठेवा. ओल्या बारदान्याने गुंडाळा आणि वरून काळं प्लास्टिक सैल टाका. घट्ट बांधू नका, हवा खेळायला हवी. जुन्या कुजक्या लाकडाच्या दोन ढलप्या शेजारी टाकल्या तर बुरशी लवकर येते. वाळवी मात्र त्याच वाटेने येते. मातीवर थेट ठेवण्याऐवजी मी खाली फरशीचा तुकडा आणि त्यावर बोटभर ओली माती असा मध्यम मार्ग काढला आहे.

दर पंधरा दिवसांनी टोकाची एक पातळ चकती कापून बघा. आधी निळसर डाग, मग फिकट ठिपके, मग त्या ठिपक्यांच्या कडेने धुरे. आंब्याला माझ्या अंगणात दोन ते तीन महिने लागतात. तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी नंदी घेऊन दारोदार फिरतात, तो दिवस मी ओंडका उघडायचा म्हणून धरतो. धुरे दिसताहेत आणि नख अजून आत जात नाही, अशी स्थिती असेल तर त्याच दिवशी थांबवा. 'अजून थोडी नक्षी येऊ दे' म्हणून दिवाळीपर्यंत ठेवलेला ओंडका मी कंपोस्टच्या खड्ड्यात टाकला आहे, एकदा नव्हे, दोनदा.

ओंडका फोडणं

चेन सॉ स्वतः विकत घेऊन शिकत बसू नका. आरामशीनवर न्या. आरामशीनवाले माती, खिळे असलेलं लाकूड घेत नाहीत, आणि त्यात त्यांचं चुकत नाही. रस्त्याकडेच्या झाडांत पाट्या आणि झेंडे ठोकलेले खिळे असतातच. आधी ब्रशने धुवा, लोहचुंबक फिरवा.

वाडग्यासाठी ओंडका उभा मधोमध चिरायचा, म्हणजे दोन अर्धगोल मिळतात. चिरताना अगदी मधला भाग, जिथून सगळी वलयं सुरू होतात, तो दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच काढून टाका. तडे तिथूनच सुरू होतात. मग बँडसॉवर, म्हणजे पट्ट्यासारखं पातं फिरणाऱ्या करवतीवर, गोल कापून घ्या. बँडसॉ नसेल तर कोपरे करवतीने उडवून आठ बाजूंचा तुकडा केला तरी चालतो. लेथवर लागलीच न्यायचा नसेल तर दोन्ही टोकांना वितळलेलं मेण किंवा जुना ऑइल पेंट फासा. लाकूड टोकांकडून कितीतरी पटीने लवकर सुकतं, आणि सगळे तडे त्या घाईचे असतात.

लेथ आणि वेग

आठ इंची वाडग्याला केंद्रापासून बेडपर्यंत (खालच्या आडव्या पायापर्यंत) किमान पाच इंच अंतर असलेला लेथ हवा. नवा छोटा लेथ घ्या किंवा इतवारीतून पुली-बेअरिंग आणून जुन्या मोटरवर बसवून घ्या. सुरुवातीला तीनच हत्यारं: अर्ध्या इंची बोल गाऊज (पन्हळी पात्याची पटाशी), गोल तोंडाचा स्क्रेपर (खरवडायचं हत्यार), आणि खुंटी, म्हणजे वाडगा लेथवर धरायला तळाला ठेवलेला उंचवटा, कातायला लहान सरळ पटाशी. हायस्पीड स्टीलची घ्या. कुजक्या लाकडाला धड लाकडापेक्षा जास्त धार लागते, हे विचित्र वाटतं पण खरं आहे. मऊ तंतू बोथट पटाशीखाली दबतात, वाकतात आणि मग उपटले जातात. त्यामुळे शेवटचे हात फिरवण्याआधी प्रत्येक वेळी धार लावा.

वेगाचं गणित सोपं आहे. वाडग्याचा व्यास इंचात घ्या आणि फेऱ्यांना त्याने गुणा. उत्तर 6,000 ते 9,000 च्या मधे यावं. आठ इंचाला 750 ते 1,100 फेरे. पण हा आकडा गोल, तोल साधलेल्या, धड लाकडाचा. कुजक्या लाकडाची एक बाजू जड, एक हलकी असते, म्हणून सुरुवात 400-500 वर करा आणि पूर्ण वाडगा होईपर्यंत 800 च्या वर जाऊ नका. आपल्याकडची साधी चार पोलची मोटर मिनिटाला सुमारे 1,440 फेरे घेते. मोटरवर तीन इंची आणि लेथवर सहा इंची पुली बसवली की 720 मिळतात. पहिल्या वर्षी तेवढेच पुरे. पण 720 वर ओबडधोबड, असमतोल तुकडा चढवू नका. सुरुवातीच्या खडबडीत कामासाठी लेथवर दहा इंची पुली चढवली की साधारण 430 पडतात. थेट 1,440 वर आठ इंची वाडग्याची कड ताशी 55 किलोमीटरने फिरते. बर्डीच्या उड्डाणपुलावरून जाणारी स्कूटर डोळ्यांसमोर आणा आणि मग ठरवा.

तोंडावर पूर्ण झाकणारं फेस शील्ड, चष्मा पुरत नाही. वाडगा फिरतो त्या रेषेत उभं राहू नका, विशेषतः मोटर चालू करताना. ओढणी, मोकळी बाही, मनगटातला दोरा, अंगठी, हातमोजे काहीही नको. आणि मास्क. कुजक्या लाकडाच्या भुग्यात लाकडाबरोबर बुरशीचे बीजाणूही असतात. साधा रुमाल उपयोगाचा नाही. किमान एन 95 लावा. दमा असलेल्यांनी हा छंदच टाळावा, असं मी स्पष्ट सांगतो. मे महिन्यात कूलरसमोर लेथ लावायची कल्पना सुचली तर सोडून द्या, तो सगळा भुगा उडवून परत तुमच्याच नाकात घालेल. पहाटे साडेपाचला कातायचं, नऊला थांबायचं.

पहिलं कातणं

वाडग्याचा तळ कुठे असेल हे आधी ठरवा. सगळ्यात धड लाकूड तळाला यायला हवं, कारण सगळा भार तिथल्या खुंटीवर असतो. नक्षी कडेला येऊ द्या, वर येऊ द्या, पण तळाला नको. माझा पहिला वाडगा गुलमोहराचा होता. सगळ्यात सुंदर काळी जाळी नेमकी तळाला होती, तिचीच खुंटी केली. आतून पोखरायला घेतलं आणि खुंटी मुळासकट सुटली, वाडगा शेडच्या पत्र्यावर आदळला. त्या पत्र्यातला पोचा अजून तसाच आहे.

तुकड्याची जी बाजू पुढे पोकळ होणार, त्या बाजूला फेसप्लेट, म्हणजे लेथवर फिरणारी धातूची सपाट चकती, लावा. लाकडात बसवायचे सव्वा इंची स्क्रू वापरा, काळे ड्रायवॉल स्क्रू नको, ते झटक्याने मोडतात. भोकं पोकळीत येतात आणि नंतर नाहीशी होतात. टेलस्टॉक (लेथच्या दुसऱ्या टोकाचा सरकता आधार) पुढे आणून त्याचं टोक तळाच्या मधोमध रुतवा आणि शक्य तितका वेळ तसंच राहू द्या.

बाहेरची बाजू तळाकडून काठाकडे कातायची, म्हणजे लहान व्यासाकडून मोठ्याकडे. अशाने गाऊज ज्या तंतूला कापते, त्याच्या मागे दुसरा तंतू आधाराला असतो. उलट कातलंत तर तंतू उपटतात. गाऊजची पाठ लाकडाला टेकलेली, पातं हळूच आत. जोर लावून दाबू नका. मऊ जागा आली की गाऊज आत ओढली जाते आणि घट्ट जागा आली की उडते, हे हाताला दोन-तीन वाडग्यांत कळायला लागतं.

बाहेरचा आकार झाला की तळाला चकच्या (लेथवरच्या पकडीच्या) जबड्यात बसेल अशी खुंटी काता. 50 मिलिमीटरचे जबडे असतील तर खुंटी साधारण 60 मिलिमीटर ठेवा, आठ-नऊ मिलिमीटर उंच. सुकताना ती लंबगोल होणार आहे आणि मग पुन्हा गोल करायला जागा हवी. खुंटी जबड्यांच्या तळाला टेकू देऊ नका, तिचा खांदा जबड्यांच्या तोंडावर बसायला हवा. वाडगा उलटवा, चकमध्ये धरा, आणि आतून काठाकडून मध्याकडे कोरा.

या पहिल्या फेरीत भिंत व्यासाच्या दहाव्या भागाइतकी जाड सोडा. आठ इंची वाडग्याला सुमारे 20 मिलिमीटर. लाकूड कुजलेलं असेल तर मी 25 ठेवतो, कारण पुढे घट्ट केलेला थर कातण्यात जातो. भिंत आणि तळ एकाच जाडीचे हवेत, नाहीतर एक भाग आधी आकसतो आणि दुसरा फाटतो.

दसरा ते संक्रांत: वाळवणं

ओला कच्चा वाडगा थेट शेल्फवर ठेवलात तर आठवडाभरात काठापासून तडा जातो. वर्तमानपत्राच्या तीन-चार थरांत गुंडाळा, तारीख आणि वजन कागदावर लिहा, पलंगाखाली सरकवा. त्याच्याच ढलप्यांत पुरून ठेवायचा सल्ला बरेच जण देतात. आपल्याकडे सप्टेंबरमध्ये तसं केलं तर ओल्या ढलप्यांत बुरशी पुन्हा कामाला लागते. कागद बरा. पहिले दोन आठवडे कागद दर चार दिवसांनी बदला.

स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दर रविवारी वजन घ्या. सुरुवातीला झपाट्याने उतरतं, मग हळू. सलग तीन रविवार वजन तेवढंच राहिलं की वाडगा हवेशी जुळला. ऑक्टोबरची हीट आणि नंतरची कोरडी थंडी मिळून आठ इंची वाडग्याला तीनेक महिने लागतात.

उन्हाळ्यात हे काम काढू नका. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो आणि ती कोरडी हवा लाकडातली ओल साधारण 4-5 टक्क्यांपर्यंत खेचते. ऑगस्टमध्ये तेच लाकूड 15 च्या पुढे जातं. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, उघडा ठेवलेला ओला वाडगा संध्याकाळपर्यंत फुटतो, आवाज करून. कूलरच्या खोलीत ठेवला तर दिवसा भिजतो, रात्री सुकतो, तेही वाईट.

या दिवसांत टाचणीएवढ्या भोकांखाली पिठासारखी ताजी पूड पडताना दिसली तर आत भुंगेरा जिवंत आहे. निर्यातीच्या लाकडी खोक्यांसाठी आंतरराष्ट्रीय नियम आहे की लाकडाच्या गाभ्यापर्यंत 56 अंश तापमान किमान 30 मिनिटं पोचायला हवं. पूर्ण सुकलेला वाडगा ओव्हनमध्ये 65 अंशांवर तीन-चार तास ठेवला की काम होतं. ओला कधीच ठेवू नका. घरच्या ओव्हनसाठी मात्र घरच्यांची परवानगी लागते, आणि ती वृक्ष प्राधिकरणापेक्षा अवघड आहे.

मऊ जागा घट्ट करणं

सुकलेला वाडगा लंबगोल झालेला असतो. आधी काठाकडून एका सपाट लाकडावर टेकवून, तळाला टेलस्टॉकने दाबून, खुंटी पुन्हा गोल करा. मग चकमध्ये धरून बाहेरून जेमतेम गोल होईल इतकंच काता, आणि थांबा. आता सगळ्या मऊ जागा दिसतात.

मोठ्या जागेसाठी चपडा लाख. गोंदिया, गडचिरोलीकडे पळसावर घेतात तीच. 100 ग्रॅम चपडा 600 मिलिलिटर स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवा, सकाळी ढवळून फडक्यातून गाळा. ब्रशने मऊ जागेवर पाजत राहा. लाकूड अधाशासारखं पितं; पिणं थांबेपर्यंत द्या, मग एक रात्र सुकू द्या. खिडक्या उघड्या आणि जवळ गॅस, उदबत्ती नको.

नखाएवढ्या मऊ जागेसाठी पाण्यासारखा पातळ सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद, म्हणजे फेविक्विकच्या जातीचा. तो फिकट लाकडावर डाग पाडतो, म्हणून आधी सगळीकडे लाखेचा एक हात द्या, मगच गोंद. आणि तो कधीही सुती कापडाने पुसू नका. कापसाशी त्याची अशी रासायनिक क्रिया होते की कापड धूर सोडेपर्यंत तापतं आणि बोटं भाजतात. हे मी वाचलेलं नाही, भोगलेलं आहे.

घट्ट झालेला थर एक-दोन मिलिमीटरचाच असतो. तो कातला की खालून पुन्हा मऊ लाकूड येतं. मग पुन्हा पाजा, पुन्हा रात्रभर थांबा. एखाद्या वाडग्याला मला हे पाच वेळा करावं लागलं आहे. तळाचं लाकूड भरवशाचं नसेल तर याच टप्प्यावर जुनी खुंटी सपाट करून तिथे सागाची गोल चकती इपॉक्सीने (दोन भाग मिसळून लावायच्या गोंदाने) चिकटवा आणि खुंटी त्या चकतीतून काता. इपॉक्सीला 24 तास द्या. ओल्या लाकडावर ती धरत नाही, म्हणून हे पहिल्या फेरीत करता येत नाही.

शेवटचे हात

आता धार लावा, आणि बारीक, अर्ध्या मिलिमीटरचे काप घ्या. गाऊजने जमेना तर स्क्रेपर सपाट न धरता 45 अंशांत तिरका धरा. तंतू ओरबाडले न जाता कापले जातात. भिंत सात-आठ मिलिमीटरवर आणून थांबा. कुजक्या लाकडाचा पातळ वाडगा करायची हौस दहाव्या वाडग्यानंतर.

पॉलिश पेपर 100 पासून सुरू करून 150, 220, 320. वेग आणखी कमी करा. बोटांनी दाबून घासलंत तर मऊ जागा लवकर झिजते, घट्ट धुरे उंच राहतात आणि वाडगा हाताला लाटालाटांचा लागतो. पेपरमागे टणक रबराचा तुकडा धरा. तेल लावून ओलं घासू नका. धुऱ्यांची काळी पूड फिकट लाकडाच्या छिद्रांत जाऊन बसते आणि सगळा वाडगा मळकट होतो. प्रत्येक नंबरनंतर ब्रशने झाडा.

शेवटी वाडगा उलटा करून, मऊ कापड गुंडाळलेल्या लाकडी गोळ्यावर आतून टेकवून, टेलस्टॉकच्या हलक्या दाबाखाली खुंटी कातून टाका. मधोमध उरलेला बोंडाएवढा भाग लहान पटाशीने हाताने काढा. तळ किंचित आत झुकलेला ठेवा, म्हणजे वाडगा टेबलावर डगमगत नाही.

वरून लाखेचे दोन पातळ हात, किंवा घाण्याचं जवसाचं तेल. शेंगदाण्याचं, सोयाबीनचं तेल लावू नका. शेंगदाण्याचं वाळतच नाही, सोयाबीनचं नीट वाळत नाही, आणि दोन्ही खवट होतात. हार्डवेअरच्या दुकानात 'डबल बॉइल्ड' म्हणून मिळतं त्या अळशीच्या, म्हणजे जवसाच्याच, तेलात वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात, ते खाण्याच्या भांड्याला नको. जवसाचं तेल पातळ लावा, अर्ध्या तासाने पुसा, आठवडाभर वाळू द्या, असं तीनदा. मग मधमाशीच्या मेणाचा हात.

असा वाडगा सुक्या वस्तूंसाठीच. चिवडा, सुका मेवा, संक्रांतीचे तिळगुळाचे लाडू, किल्ल्या. वरण, दही, कापलेली फळं यात नको. आत जिथे लाख पोचली नाही तिथे ओल पोचली की बुरशीला पुन्हा जाग येऊ शकते. ओल्या फडक्याने पुसा, पाण्यात बुडवू नका.

आणि तेलाचा बोळा. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, आणि चुरगळून कोपऱ्यात टाकलेलं तेलकट फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. पत्र्याच्या शेडमध्ये, भुग्याच्या ढिगाशेजारी, नागपूरच्या एप्रिलमध्ये त्याला फार वेळ लागणार नाही. फडकं पाण्यात भिजवा, पिळा, आणि अंगणात कपडे वाळत घालायच्या तारेवर एकेरी पसरून टाका.